लातुरात नीटचे क्लास गल्लोगल्ली, कुत्र्याच्या पिल्लासाठी एखादा आहे का?

तुरीची_ताई (लातूर) । १२ जून, रात्री १०:४०

मंडळी, आधी हसायचं ते हसून घ्या, मग उत्तर द्या. आमच्या ट्यूशन एरियात नीट, जेईई, फाउंडेशन, हस्ताक्षर सुधार असे सगळ्याचे क्लास आहेत. कुत्र्याचं पिल्लू घेऊन जाता येईल असा एकही नाही.

पिल्लू गावठी, मादी. मार्केट यार्डाच्या मागं पोत्यांच्या थप्पीत सापडली. आई गाडीखाली गेली होती. रंग तुरीच्या डाळीचा, म्हणून नाव तुरी. आजी म्हणते, वरणाला हाक मारल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी दात बघून ९ आठवड्यांची असेल असं सांगितलं. पहिली लस ५ जूनला झाली, जंताचं औषधही दिलंय.

घरात ती वाघीण आहे. आजीच्या लुगड्याचा काठ, चार्जरची वायर, माझी मनगटं, काही सोडलेलं नाही. पण बाहेर हॉर्न वाजला की पलंगाखाली जाते, आणि गेटमधून दुसरं कुत्रं दिसलं की जागेवर मुतते. व्हिडिओत सगळे सांगतात, १६ आठवड्यांच्या आत सोशलायझेशन करा, म्हणजे नवी माणसं, आवाज, कुत्री यांची सवय लावा. आमचे डॉक्टर सांगतात, सगळ्या लसी होईपर्यंत दाराबाहेर काढू नका. अहो, लसी पूर्ण व्हायलाच १६ आठवडे लागतात!

लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी कुठंही क्लास असेल तर सांगा. रविवारी दोन-तीन तास गाडी चालवायची तयारी आहे.

गुलमंडीकर (छत्रपती संभाजीनगर) । १२ जून, रात्री ११:१५

ताई, आमच्याकडेही घरी येऊन शिकवणारे आहेत, पिल्लांचा एकत्र वर्ग असा मला सापडला नाही. पुण्यात असतात.

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी माझं लॅब्रॅडॉर साडेतीन महिन्यांचं असताना एकाकडे २५ दिवस ठेवलं. "कुत्रं आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो" असा प्रकार. १८ हजार दिले. मधे भेटायला येऊ का विचारलं तर म्हणे मालक दिसला की कुत्रं बिघडतं. परत आलं तेव्हा "सिट" म्हटलं की बसायचं, हे खरं. पण कान पाडून, नजर चोरून बसायचं. गळ्याला साखळीचा वळ होता. कुणी हात वर केला की खाली दबायचं. ते घालवायला मला आठ महिने लागले. आपल्याकडे या धंद्याची पाटी कुणीही लावू शकतो, हे तेव्हा कळलं.

काय_बाई_थेरं । १३ जून, सकाळी ७:०२

कुत्र्याला क्लास! आमच्या वस्तीवर दहा कुत्री होती, एकाला कुणी शिकवलं नाही. शिळी भाकरी टाकली की राखण करायची. शहरात गेलं की माणसाला सुचतं काय एकेक.

अंबाजोगाई_एक्सप्रेस । १३ जून, सकाळी ७:३०

@काय_बाई_थेरं, त्या दहांतली किती पाव्हण्याच्या पोटरीला लागली, तेही लिहा ना. (आमच्या गावाला रेल्वे नाही म्हणून नावात एक्सप्रेस ठेवलीय, दर वेळी विचारू नये.)

तुरीच्या ताई, उत्तराची मीही वाट बघतोय. घरात पॉमेरेनियन आहे, मोती, ११ आठवड्यांचा. तो सगळ्यांवर भुंकतो, भिंतीवरच्या पालीवरसुद्धा.

गोठा_ते_गादी (परभणी) । १३ जून, दुपारी ३:२०

मी पशुवैद्यक आहे. शिकलो परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, आता तालुक्याच्या गावी असतो. दिवसभर गाई-म्हशी-शेळ्या, संध्याकाळी कुत्री. जरा लांबलचक लिहितो.

ताई, सगळ्यात आधी तुमची मनगटं. रस्त्यावर सापडलेलं, आईचा इतिहास माहीत नसलेलं पिल्लू. त्याच्या दातांनी ओरखडा उठून रक्त आलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या सुया सुरू करायच्या. एवढंसं पिल्लू आहे, त्याला काय होतंय, असं म्हणायचं नाही. घरात आणखी कुणाला चावलं असेल तर त्यांनाही न्या. हे आज करा, क्लासचं उद्या बघू.

आता लसीचं. तुमचे डॉक्टर घाबरवत नाहीयेत, पार्व्हो हा रोग खरोखर वाईट आहे. रक्ताची हगवण, उलट्या, दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आपल्या चपलेला लागून घरात येतो. लस पुन्हा पुन्हा का द्यायची, हेही सांगतो. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लसीलाच निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी डोस, किमान १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तिसरा महिना भरल्यावर.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी पटकन स्वीकारतं. १९६१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही पिल्लं कुंपणाच्या आत, माणसाचा स्पर्श न होऊ देता वाढवली. १४ आठवड्यांनी बाहेर काढलेली पिल्लं नंतर माणसाळलीच नाहीत. आमच्याकडे सुई घेताना तोंड बांधावं लागतं ती बरीचशी कुत्री मारकी नसतात, भेदरलेली असतात. वर्षभर गच्चीवर वाढलेली असतात.

प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेनं २००८ मध्ये स्पष्टच सांगितलं, की पहिली लस होऊन किमान ७ दिवस झाले असतील आणि जंताचं औषध दिलं असेल तर ७-८ आठवड्यांचं पिल्लू वर्गात नेता येतं. जागा मात्र स्वच्छ हवी आणि बाकीची पिल्लंही लस घेतलेली हवीत. "बाहेर काढू नका" आणि "जमिनीवर सोडू नका" यांत फरक आहे. तुरीला कडेवर घ्या, झोळीत घ्या, स्कूटरवर मांडीत घ्या आणि जग दाखवा. रस्त्याची कड, उकिरडा, मोकाट कुत्री हगतात ते मैदान आणि आमच्या दवाखान्याची फरशी, एवढ्या ठिकाणी तिचे पाय टेकवायचे नाहीत.

तुरीची_ताई । १३ जून, संध्याकाळी ६:५५

डॉक्टर, पोस्ट वाचली आणि तशीच सरकारी दवाखान्यात गेले. पहिली सुई झाली. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, पिल्लांचेच पेशंट जास्त येतात, मोठ्या कुत्र्याला माणूस आपणहून भितो. आजीला चावली नव्हती, फक्त लुगड्याला.

चाकूरचा_गडी । १३ जून, रात्री ९:१०

राम राम. मी चाकूर तालुक्यातला. आमच्याकडं जानवळच्या बाजूला कारवानी, पश्मी ही शिकारी कुत्री पाळणारी घरं हायत, पिढ्यान्‌पिढ्या. माळेगावच्या जत्रंत श्वान प्रदर्शनात उतरवतेत. खंडोबाची जत्रा, तिथं कुत्र्याला कोण नाव ठिवतंय?

आमच्यात क्लास कुणी लावत नाही. पण ताई, पिल्लू दीड-दोन महिन्याचं झालं की आईच्या मागं रानात जातंय. बैल बघतंय, ट्रॅक्टर बघतंय, शेळीची ढुशी खातंय. आई गुरकावली की गप बसालंय. गड्याच्या हातातली काठी रोजच बघितल्यावर काठीला कशाला भिईल? तुमच्या तुरीला आई नाही आणि रानबी नाही. मग क्लास लागणारच की.

एक खोट आमच्यातबी हाय, सांगतो. कारवानी अनोळखी माणसाला अंगाला हात लावू देत नाही. आन्‌ ससा दिसला की बापाचं ऐकत नाही. कितीबी हाका मारा, ते गेलं ते गेलं.

गोठा_ते_गादी । १३ जून, रात्री ९:४०

दादा, तुम्ही लिहिलंत तोच वर्ग. पण तुमच्या पिल्लांना लस आहे का? रानात पार्व्हो नसतो असं समजू नका.

चाकूरचा_गडी । १३ जून, रात्री ९:५२

थोरल्याला हाय. या वेतातल्या पिल्लाला नाही. एकच ठिवलीय, पश्मी, बिजली म्हणून. उद्या-परवा उदगीरला घिऊन जातो.

नांदेडी_मिरची । १४ जून, सकाळी ११:००

आमच्या लॅब्रॅडॉरला, बुंदीला, आम्ही "४५ दिवसांचं" म्हणून विकत घेतलं. आता वाचलं की २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आता कळून काय उपयोग! आईपासून, भावंडांपासून लवकर तोडल्यामुळं तिला चावण्याचं मोजमापच नाही. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे भावंडं शिकवतात म्हणे. आता १० आठवड्यांची आहे, पहिली लस झालीय. घरचे सल्ले: तोंडावर चापट मारा, नाक दाबा, लाल मिरची लावा. (माझ्या नावाचा हा उपयोग मला मान्य नाही.)

गुलमंडीकर । १४ जून, दुपारी १२:२०

चापट नकोच. चापटीनं हात हा खेळ तरी होतो, नाहीतर शत्रू. आम्ही दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी एवढंच केलं: दात लागला की खेळ बंद, उठून पाठ फिरवायची, अर्ध्या मिनिटानं परत. शेजारी जाडसर दोरीची गाठ ठेवायची, ती तोंडात द्यायची. घरातल्या सगळ्यांनी सारखं वागलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. आमच्याकडे धाकटा मुलगा गुपचूप हात चावायला द्यायचा, त्याला शिकवायलाच जास्त दिवस लागले.

आणि ताई, शिकवणारा सापडलाच तर त्याला एकच विचारा, "कुत्र्यानं चूक केली तर तुम्ही काय करता?" उत्तरात झटका, साखळी, "त्याला मालक कोण ते दाखवतो" असं आलं की चहा पाजून वाटेला लावायचा. "१०० टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याला चहाही नको. चांगला माणूस कुत्र्यापेक्षा तुम्हालाच जास्त शिकवतो, आणि तुम्हाला समोर बसू देतो.

भूम_ते_बाणेर (पुणे) । १५ जून, सकाळी ९:३०

मूळचा भूमचा, आता पुण्यात. आमच्या पिल्लाला इथल्या वर्गात नेलं होतं, तिथं काय चालतं ते सांगतो, कारण मला वाटायचं पिल्लं सोडून देतात आणि ती खेळतात. तसं नाही. पहिला अर्धा तास पिल्लू मालकाजवळ बसून बाकीच्यांकडे फक्त बघतं. बघितलं आणि वळून मालकाकडे आलं की चिकनचा बोटाएवढा तुकडा. मग दोन-दोन पिल्लं, दोन-तीन मिनिटं, की परत बोलवायचं. एकानं दुसऱ्याला दाबलं असं वाटलं तर दाबणाऱ्याला धरून ठेवायचं. सुटलेलं पिल्लू आपणहून परत त्याच्याकडे आलं तर खेळ होता, मालकाच्या पायांत शिरलं तर नव्हता.

याला पुणं कशाला लागतं? तुम्ही चार जण आहात की धाग्यावर.

तुरीची_ताई । १५ जून, सकाळी ९:५०

आमची गच्ची आहे. भटकं कुत्रं वर येत नाही, कठडा उंच आहे. डॉक्टर, चालेल?

गोठा_ते_गादी । १५ जून, रात्री १०:०५

चालेल. अटी सांगतो. प्रत्येकाची पहिली लस होऊन किमान आठवडा झालेला, कार्ड सोबत. कुणाला हगवण, खोकला, उलटी, तर घरी थांबायचं, लाजायचं नाही. गच्ची आधी झाडून, मग ब्लीच: १ भाग ब्लीच, ३० भाग पाणी, १० मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं धुवा. फिनाइलवर विसंबू नका, पार्व्होला ते पुरत नाही. आणि ब्लीचमध्ये फिनाइल, ॲसिड काहीही मिसळायचं नाही, त्यानं माणूस गुदमरतो. चपला खाली जिन्यात.

खाऊ म्हणून उकडलेलं चिकन, पनीर, अंडं. शाकाहारी घरात फुटाणे चालतील. मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा कुणी आणायचा नाही.

तुरीची_ताई । २१ जून, रात्री ८:३०

मधल्या आठवड्याचा हिशोब देते. रोज संध्याकाळी तुरीला आईच्या जुन्या ओढणीच्या झोळीत घालून स्कूटरवर नेते. पहिल्या दिवशी गंजगोलाईत गेले, ती चूक. सोळा रस्ते जिथं मिळतात तिथं पहिल्याच दिवशी! तोंड झोळीत खुपसलं, चिकनसुद्धा घेतलं नाही. खाणं नाकारलं म्हणजे भीती हाताबाहेर गेली, हे नंतर वाचलं. मग मागं सरकले. दोन दिवस घरापुढचा ओटा, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान, मग एसटी स्टँडच्या समोर पण रस्त्याच्या अलीकडं. काल लाल परीनं हॉर्न मारला, तिनं कान टवकारले, माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. मी तिथंच ओरडले, रिक्षावाले बघायला लागले.

आतापर्यंत दाखवलेलं: फेटेवाले आजोबा, बुरख्यातल्या काकू, हेल्मेट, कुबड्या घेतलेले शेजारचे काका, शाळेची पोरं, म्हैस, भंगारवाल्याचा भोंगा. घरात कुकरची शिट्टी. रोज पंजे, कान, दात हाताळते, एक खाऊ देते, म्हणजे डॉक्टरांकडं तमाशा नको.

आजीचा प्रश्न सुटलेला नाही. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तुरी चार दिवसांत शिकली. पण चावली की खेळ बंद हा नियम आजीला मान्य नाही. "लेकरू हाय" म्हणते आणि वरून बिस्कीट देते. म्हणजे चावलं की बिस्कीट!

अंबाजोगाई_एक्सप्रेस । २३ जून, सकाळी ८:१५

आमच्याकडून गजानन महाराजांची पालखी गेली. मोतीला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दाखवली. लांबून टाळ ऐकू आले तेव्हा भुंकला, मग एकेक फुटाणा देत बसलो. पालखी समोर आली तोवर अर्धा पाव फुटाणे संपले होते आणि मोती गप्प. रात्री पोट बिघडलं, ते वेगळं.

तुरीची_ताई । २९ जून, रात्री ९:००

झाला एकदाचा वर्ग! खरंखुरं लिहिते.

आले चौघंही. नांदेडी_मिरची पहाटे निघून बुंदीला घेऊन आल्या, मोती आला, चाकूरचे दादा बिजलीला धोतराच्या पदरात गुंडाळून आले. बिजलीची लस १७ जूनची, कार्ड आधी दाखवलं.

पहिली दहा मिनिटं गोंधळ. बुंदी दोर तोडून सुटली आणि सरळ तुरीवर. तुरी मुतली. मी तिला उचलून घेणार होते, दादा म्हणाले, "उचलू नका, खाली बसा." मी मांडी घालून बसले, तुरी मांडीमागं गेली. तिथून दहा मिनिटं बघत राहिली. बुंदीला मिरचीताईंनी दुसऱ्या कोपऱ्यात दोरीची गाठ दिली. मोती सगळा वेळ भुंकत होता, त्याला जिन्याच्या दाराआड नेलं, जिथून दिसतं पण लांब आहे. तिथं शांत झाला. बिजली कुणाकडंच गेली नाही, दादांच्या पायाशी राणीसारखी बसून होती. तिला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. आपणहून हुंगायला आली तर खाऊ जमिनीवर टाकायचा.

शेवटच्या पाच मिनिटांत तुरी मांडीमागून निघाली आणि बिजलीच्या शेपटीला हुंगून परत पळाली. तीनदा. चौथ्यांदा बिजलीनं पुढचे पाय टेकवून ढुंगण वर केलं, म्हणजे खेळायला बोलावलं. बस्स, तेवढंच. मग दोघी पाण्याच्या टाकीभोवती फिरल्या.

तासभर ठरलं होतं, चाळीस मिनिटांत पिल्लं झोपली. आम्ही चहा घेत बसलो.

काय_बाई_थेरं । ३० जून, सकाळी ६:४५

फोटो टाका.

तुरीची_ताई । ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

पाच रविवार झाले. पावसाने एक बुडाला, एक मोतीच्या खोकल्यामुळं. डोस पूर्ण झाले, रेबीजचीही झाली. आता तुरी स्वतःच्या पायांनी फिरते, पहाटे. पावसाळ्यात गोचीड फार, फिरून आलं की बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या आत बघतेच.

सगळं जमलंय असं नाही. मोटारसायकलवरून कुणी ओरडत गेलं की अजून मागं सरते. एकटी ठेवली की रडते, त्यावर काम चालू आहे, पाच मिनिटांवरून वीसपर्यंत आलोय. मोठ्या कुत्र्यांपासून लांबच ठेवते. आता पुढं पोळा, मग गणपती. ढोलाचा आवाज फोनवर अगदी बारीक लावून जेवण देते, दर दोन दिवसांनी एक टप्पा वाढवते. दिवाळीच्या फटाक्यांचंही तसंच करणार, आतापासून.

चाकूरचा_गडी । ३ ऑगस्ट, रात्री ९:४५

पोळ्याला तुरीला घिऊन या रानात. बैलं धुतानी लांबनं बघू द्या. बिजली आता हाक मारली की येतीय, ससा नसला तर. बायको म्हणालीय, पुरणपोळीला या, पर कुत्र्यांना द्यायची नाही, त्यांचं चिकन तुम्ही घिऊन या, आमच्यात त्या दिवशी चालत नाही.

परळीचा_पाहुणा । ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

नवीन आहे. दहा आठवड्यांचं गावठी पिल्लू, पहिली लस २६ जुलैला झाली. रविवारी येऊ का?

तुरीची_ताई । ४ ऑगस्ट, सकाळी ७:२५

या की. १० तारखेला संध्याकाळी पाच वाजता. लसीचं कार्ड आणा, चपला जिन्यात. आणि आजी बिस्कीट द्यायला लागली तर तिच्याकडं बघू नका, डबा मी लपवलाय पण तिला दुसरा सापडतो.